गळ्याचं रबर आणि शेटेसाहेब

चहा यायच्या आधी जो माणूस 'आपण सगळे एकाच कुटुंबातले' असं म्हणतो, तो चहा संपायच्या आत आपल्याला गंडवणार, हे मला आता लांबूनच कळतं. हे शहाणपण मला शेटेसाहेबांनी दिलं. बाकी त्या माणसाने कुणाला काही दिल्याचं माझ्या बघण्यात नाही. एकदा सगळ्या ऑफिसला सर्दी दिली होती, तेवढीच.

चिंचोळी एमआयडीसीत आमची कंपनी. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून टॉवेल आणि चादरींचा धंदा. त्यात दम राहिला नाही तेव्हा अण्णांनी डोकं चालवलं आणि ड्रायसूट शिवायला घेतले. ड्रायसूट म्हणजे पाणबुड्याने अंगावर चढवायचा सबंध पोशाख, बुटांपासून गळ्यापर्यंत एकसंध. आत पाण्याचा थेंब जाता कामा नये. मनगटांना आणि गळ्याला पातळ रबराचे घट्ट पट्टे असतात, त्यांना सील म्हणायचं. सगळा खेळ त्या सीलवर असतो. ज्या गावात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही तिथे आम्ही पाणबुड्यांचे कपडे शिवतो, हे सांगितलं की पाहुणे पोट धरून हसतात. हसू देत. गार पाण्यात, घाण पाण्यात उतरणाऱ्या माणसाला तो कपडा लागतोच, आणि आमच्याकडच्या बायका तो झकास शिवतात.

मी कस्टमर सर्व्हिसला. फोन घ्यायचा, तक्रार लिहून घ्यायची, परत आलेलं पार्सल फोडायचं आणि आतला सूट शेटेसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. साहेब वॉरंटी विभागाचे प्रमुख. सूटवर वर्षभराची वॉरंटी, म्हणजे आमच्या कामात खोट निघाली तर दुरुस्ती फुकट, नाहीतर नवा सूट. खोट आमची की वापरणाऱ्याची, हे ठरवायचं काम साहेबांचं. ते त्यांनी एकदाच ठरवून टाकलं होतं, नोकरीला लागले त्याच दिवशी. त्यानंतर फक्त कारणं शोधायची राहिली होती.

दिसायला माणूस अगदी सज्जन. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळावर बारीक टिळा, अंगाला मोगऱ्याचं अत्तर. बोलणं असं मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं, या देवमाणसाला मी उगाच त्रास देतोय. फोनवर तर विचारूच नका. समोरचा माणूस तावातावाने शिव्या द्यायच्या बेतात असला की साहेब आधी त्याच्या आईची तब्येत विचारायचे. मग त्याच्या गावचा पाऊस. मग 'आपण एकाच कुटुंबातले' आणि मग हळूच सुरी.

सूट तपासायची त्यांची तऱ्हा तर बघण्यासारखी होती. खरी पद्धत साधी आहे. गळा आणि मनगटं बंद करून सूटमध्ये हवा भरायची, वरून साबणाचं पाणी फिरवायचं, जिथून बुडबुडे येतील तिथे भोक. आमच्याकडे त्यासाठी पंप आहे, टेबल आहे, अंगणात जमिनीत बांधलेली पाण्याची मोठी टाकीसुद्धा आहे. साहेब यातल्या कशालाही हात लावायचे नाहीत. ते सूट टेबलावर आडवा घालायचे, डोळे मिटायचे आणि छातीपाशी कान लावायचे. डॉक्टर पेशंटला तपासतात ना, तसं. थोडा वेळ गेला की डोळे उघडून म्हणायचे, "निरोगी आहे." मी एकदा विचारलं, साहेब, बुडबुडे नाही बघायचे? तर म्हणे, "मॅडम, बुडबुडे शोधायला गेलं की सापडतात." आता याला काय म्हणायचं? बरं, एवढे पाण्याच्या धंद्यातले साहेब, पण टाकीजवळून जाताना पँट दोन बोटांनी वर धरून जायचे. पाण्याचा शिंतोडा उडाला की तोंड असं करायचे जसं कुणी अंगावर थुंकलंय.

पुण्यात राहणारे एक नौदलातून निवृत्त झालेले सर होते. डोंगरातल्या गार तलावांत मुलांना पाण्याखाली उतरायला शिकवायचे. त्यांच्या सूटची झिप तिसऱ्याच वेळी दातांतून निसटली. मोठा आवाज, मोठा राग. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये "अरेरे" म्हणाले, आणि मग विचारलं, "सर, झिप कोणत्या हाताने ओढता?"

फोन स्पीकरवर होता. सर म्हणाले, "उजव्या."

"बघा," साहेब इतक्या दुःखाने म्हणाले की मलाही वाईट वाटलं. "आमची झिप दोन्ही हातांनी धरून ओढायची असते सर."

"अहो, पण झिप पाठीवर आहे. ती मी ओढतच नाही. माझा सहकारी ओढतो."

"म्हणजे तुम्ही झिप दुसऱ्याच्या हातात दिलीत?"

त्या बिचाऱ्याला आपण नक्की काय गुन्हा केला हे कळेना, पण काहीतरी केलंय असं वाटायला लागलं. शेवटी तेच म्हणाले, "ठीक आहे, यापुढे काळजी घेतो." आणि फोन ठेवला. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, पोरगं चांगल्या मार्कांनी पास झाल्यावर बाप हलवतो तशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण पोटाची आग त्याहून मोठी, म्हणून मी पुढचं पार्सल फोडायला घेतलं.

उंदराची गोष्ट तर मी आमच्या घरी इतक्या वेळा सांगितलीय की आता मी 'उंदीर' म्हटलं की नवरा उठून बाहेर जातो. एका गिऱ्हाइकाने सूट नुसता खिशाची शिवण घट्ट करायला पाठवला होता. तो आमच्या गोदामात पडून राहिला आणि उंदराने गुडघ्याला भलं मोठं भोक पाडलं. साहेबांनी पत्र तयार केलं: 'प्राण्यांमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. दुरुस्तीचा खर्च ग्राहकाने करावा.'

मी म्हटलं, "साहेब, उंदीर आपला आहे."

"उंदीर कुणाचा हे पत्रात लिहायचं नसतं," साहेब म्हणाले. वर चहाही मागवला.

आता त्यांच्या भक्तीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खंडेनवमीला आम्ही सगळेच यंत्रांची पूजा करतो. मीही माझ्या कॉम्प्युटरला हळदीकुंकू वाहते, फूल ठेवते. त्यात काही वावगं नाही. पण एका वर्षी साहेबांनी पूजेच्या वेळी तयार सूटच्या गळ्याला कुंकवाचं बोट लावलं आणि दुसऱ्याच आठवड्यात मोठी ऑर्डर आली. झालं. तेव्हापासून बाहेर जाणारा प्रत्येक सूट आधी साहेबांच्या टेबलावर यायचा. त्यांच्या ड्रॉवरमध्ये स्टीलची छोटी वाटी असायची. कोरडं कुंकू रबरावर टिकत नाही म्हणून वाटीत कुंकू तेलात कालवलेलं. अंगठा बुडवायचा, गळ्याच्या सीलवर, बरोबर कंठाच्या खाली, टिळा लावायचा, पुटपुटायचं, आणि गिऱ्हाइकाला डाग वाटू नये म्हणून लगेच फडक्याने पुसून सूट पिशवीत भरायला द्यायचा. शिवण विभागातली रेहाना म्हणायची, "सील पूजा से नहीं चिपकता, तो भी साब करते रहते." ती स्वतः सील चिकटवायची, आणि तिने चिकटवलेलं सील ओढून निघत नसे.

अशात एक दिवस बिरू आला.

बिरू माढ्याच्या बाजूचा. घरात मेंढरं राखायची रीत, पण हा पोरगा धरणाच्या पाण्यात पोहत वाढला आणि पाणबुड्या झाला. एका ठेकेदाराकडे कामाला होता. धरणाच्या दारांपाशी खाली जो कचरा अडकतो, लाकडं, जाळी, मेलेली जनावरं, तो काढायचं काम. कधी बुडालेलं माणूस काढायलाही यालाच बोलवायचे. पाणी घाण, खाली अंधार. म्हणून ठेकेदाराने आमच्याकडून दोन ड्रायसूट घेतले होते. त्यातला एक बिरूने काउंटरवर ठेवला. गळ्याचं सील पुढून फाटलेलं, कंठाच्या खाली.

"ताई, मी खाली हुतो," तो म्हणाला. आवाज मोठा, ऑफिसात सगळ्यांनी माना वळवल्या. "दारापाशी. आन् गळ्यातनं पाणी शिरलं की भसाभस. पाय जड झालं, हात हालंना. वरनं दोरी धरनाऱ्यानं वढून काढलं म्हनून हितं हुबा हाय. न्हाईतर मलाच काडायला दुसरा पानबुड्या बोलवावा लागला असता."

झिप बिघडली, शिवण उसवली, यावर मी तोवर चिडले होते. पण असं कुणी पाण्याखालून येऊन माझ्यासमोर उभं राहिलं नव्हतं.

साहेब बाहेर आले. बिरूला खुर्ची दिली, पाणी दिलं, आईची तब्येत विचारली. मग सील हातात घेतलं, बोटांनी चोळलं. "मऊ पडलंय," म्हणाले. "तेल लागलंय याला." आणि आमचं माहितीपत्रक उघडून वाचायला लागले. ते पत्रक इंग्रजीतून मराठीत त्यांनीच केलेलं. 'रबराच्या कोणत्याही भागास तेल लावू नये. तेलामुळे रबर मऊ पडून फाटते. अशा वेळी वॉरंटी रद्द समजावी.' प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, देवाची पोथी वाचावी तसं वाचलं. "तुम्ही डोक्याला तेल लावून सूट घातलात, बिरूभाऊ. ते गळ्यावर उतरलं."

बिरूने डोक्यावरची टोपी काढली. तुळतुळीत टक्कल. औषधालासुद्धा केस नाही.

"ह्याला तेल लावू व्हय सायेब?"

कुणीतरी फिसकन हसलं. दुसरा एखादा असता तर शरमून गेला असता. साहेब शांतपणे म्हणाले, "केस उगवावेत म्हणून लावत असाल. पुष्कळ जण लावतात."

आणि तसंच लिहिलं. बिरूला नाही, सरळ ठेकेदाराला: सूट वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे खराब झालेला आहे, कंपनीची जबाबदारी नाही. ते पत्र ठेकेदाराच्या हातात पडलं आणि त्याने बिरूला घरी बसवलं. दारापाशी खाली उतरणारा माणूस निष्काळजी आहे असं कंपनीच लिहून देते म्हटल्यावर त्याला ठेवणार कोण? बिरूला हे काम सोडून दुसरं काही येत नव्हतं. आणि आजूबाजूला असं काम देणारे दोन-चारच ठेकेदार. सगळे एकमेकांना ओळखणारे. एकाने काढलं की सगळ्यांनी काढलं.

थंडीच्या सुरुवातीला तो पुन्हा आला. या वेळी हातात दुसरा सूट, पिशवीतला. पिशवीला आमचं सीलबंद कागदी लेबल जसंच्या तसं. ठेकेदाराच्या गोदामातून मागून आणला होता.

"हा कुनी घातलेला न्हाय," तो म्हणाला. "तुमच्याम्होरं फोडतो. बगा."

त्याने पिशवी फोडली, सूट बाहेर काढला, गळा ताणला. कंठाच्या खाली, बरोबर त्याच जागी, रबर चिकट झालेलं. जरा अंगठा दाबला तसा आरपार गेला. भोकाच्या कडेला फिकट लाली. बिरूने बोट नाकाशी नेलं.

"खोबरेल हाय की ओ ताई."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी वळून केबिनच्या उघड्या दारातून साहेबांकडे बघितलं. ते खुर्चीतून हलले नव्हते, फक्त गुडघ्याने ड्रॉवर बंद करत होते. हळूच, आवाज होऊ नये असं. अरे माणसा! तुझंच पत्रक, तुझंच तेल, तुझाच अंगठा, आणि नोकरी गेली कुणाची? मला तिथल्या तिथे ती वाटी उचलून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उपडी करावीशी वाटली. आवाज ऐकून रेहाना शिवण विभागातून बाहेर आली होती. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. इतका चांगला चिकटवलेला माल तिचा.

साहेबांनी बिरूला आत केबिनमध्ये घेतलं. पाणी द्यायच्या निमित्ताने मीही आत गेले आणि बाहेर यायचं विसरले.

"बिरूभाऊ, नवा सूट घेऊन जा," साहेब म्हणाले. "एक सोडून दोन न्या. आपण एकाच कुटुंबातले."

"सूट नगं. ठेकेदाराला एक वळ लिवा. बिरूची चूक न्हवती म्हनून."

"ते लिहिता येणार नाही."

"का येनार न्हाय? ती पैली वळ लिवताना तर हात कापला न्हाई तुमचा."

"एकाला लिहिलं की सगळ्यांना लिहावं लागतं," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच खरं बोलले असतील. मग पुन्हा मऊ आवाज लावून म्हणाले, "तुम्ही सूट न्या. सूट हातात असला की काम कुठेही मिळतं."

"नाव गेल्यावर सूट काय वाळत घालू?" बिरू म्हणाला आणि उठून गेला. साहेबांनी काढून ठेवलेले दोन्ही नवे सूट टेबलावर तसेच.

दुसऱ्या दिवसापासून वाटी ड्रॉवरमधून गायब. टिळा बंद. एवढी भक्ती, एका रात्रीत आटली. पण आधी टिळा लावलेले सूट गोदामात थप्पीने पडलेले होते, त्यांचं काय? साहेब म्हणाले, "ते जाऊ द्या ठरल्याप्रमाणे." मी म्हटलं, साहेब, कुणी मरेल. तर म्हणे, "सगळेच काही खोल जात नाहीत, मॅडम." या वाक्यानंतर मी त्या माणसाला मनातल्या मनात 'अहो' म्हणायचं सोडलं. अण्णा तेव्हा लेकीकडे हैदराबादला गेलेले, फोनवर साहेबच बोलायचे त्यांच्याशी. मी जमेल तितकी पार्सलं अडवून धरली. कधी पत्ता चुकला, कधी चिकटपट्टी संपली, कधी गाडी आलीच नाही. पार्सलवाला माझ्यावर जाम वैतागला होता.

अण्णा परत येणार होते कंपनीच्या वर्धापनदिनाला. तोवर बिरूचं तोंड बंद करायला हवं होतं. यावर साहेबांनी जी शक्कल काढली ती ऐकून मी डोक्याला हात लावला. त्यांनी बिरूचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. 'आमचे जिवाभावाचे ग्राहक.' एकदा माणसाच्या खांद्यावर चारचौघांत शाल टाकली की त्याची जीभ आपोआप जड होते, असा साहेबांचा अनुभव होता. म्हणजे अन्याय केला यांनी, माफी मागायची लाज यांना, आणि हार घालायचा त्याच्याच गळ्यात! मी बिरूला फोन करून सांगितलं की अण्णा येतायत. एवढंच सांगितलं. बाकी त्याचं त्याला कळत होतं.

डिसेंबरातली सकाळ, गार वारा सुटलेला. अंगणात टाकीशेजारीच मांडव घातला होता. बिरू धुतलेला पांढरा शर्ट घालून आला होता. साहेबांनी माईकवर त्याची अशी काही स्तुती केली की ऐकणाऱ्याला वाटावं, बिरू गेला की काय. मग शाल उघडली.

बिरूने खांदा मागे घेतला. "शाल ऱ्हाऊ द्या सायेब. तेवढी वळ लिवा की."

अण्णा पुढच्या खुर्चीवर बसलेले. घरात तेलुगू, धंद्यात मराठी, आणि दोन्हीत कमीच बोलायचे. "काय ओ शेटे, कसली ओळ म्हणतोय हा?"

साहेब हसले. "काही नाही अण्णा. सूट आपला एकदम उत्तम होता. यांना वापरायला जमला नाही, तरी आपण मोठ्या मनाने…"

"जमला न्हाय?" बिरूचा आवाज मांडवाच्या बाहेर गेला. "मग तुमीच दावा की सायेब कसा वापरायचा. ही टाकी हाय, सूट तुमच्या गोदामात हाईत. घाला आन् उतरा. कोरडं भाईर आलासा तर मी शाल बी घेतो, नारळ बी घेतो, आन् माजीच चूक म्हनून जातो."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आधी रेहानाने, मग सगळ्यांनी. अण्णांनी साहेबांकडे बघितलं. "उतरा की. सगळ्यांना फोनवर तुम्हीच शिकवता न्हवं?"

साहेब कात्रीत सापडले. नाही म्हणावं तर सूट खराब आहे हे कबूल. हो म्हणावं तर पाणी. तो माणूस स्वतःच गोदामात गेला आणि थप्पीतून एक सूट निवडून आणला. गळ्याचं रबर त्याने दोनदा चाचपलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे कुठे चाचपायचं हे पक्कं ठाऊक होतं. त्यातल्या त्यात धड दिसणारा त्याने स्वतःसाठी घेतला. बाकीचे लोकांसाठी.

रेहानाने पाठीवरची झिप लावली. दोन्ही हातांनी. बिरूने कमरेला दोरी बांधली, गाठ ओढून बघितली. "भिऊ नगा सायेब, दोरी माज्या हातात हाय," तो म्हणाला, आणि त्यात टिंगल नव्हती. त्याची ती सवयच होती. साहेब शिडीने टाकीत उतरले, तळाला टेकले, हनुवटीपर्यंत पाणी.

"बघा," ते वर बघून म्हणाले. "कोरडा ठणठणीत. आपला कपडा, अण्णा, उगाच नाही…"

पुढचं वाक्य आलं नाही. तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी ते नीट मिटलं आणि पुन्हा बोलायला लागले. कापडाचा दर्जा, शिवणीचा दर्जा, ग्राहकांचा विश्वास. आवाज हळूहळू बारीक होत चालला, ओठ निळे पडले, डोळे गरागरा फिरायला लागले. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं काय चाललंय ते. त्यांना वाटत होतं की न सांगितलं तर ते घडणार नाही. अण्णा उठून टाकीपाशी आले आणि वाकून बघत उभे राहिले.

शेवटी साहेबांनी शिडीला हात घातला. पाय उचलेना. सूट आतून भरलेला, दोन्ही पाय पखालीसारखे फुगलेले. दुसऱ्यांदा पाय घसरला तेव्हा तोंडातून असा काही आवाज निघाला की मांडवातलं हसू थांबलं. बिरू तोवर शिडीवर उतरला होता. त्याने दोरी मनगटाला गुंडाळली, साहेबांच्या काखेत हात घातला आणि त्यांना ओढून बाहेर काढलं. बुडालेली माणसं काढणारा हात तो. त्याला काही जड गेलं नाही.

अण्णा माझ्याकडे वळले. "पद्मा, लिहून घे. सूट आमच्याच हातून खराब झाला. बिरू वाघमोडेची काही चूक नव्हती. आत्ता लिही, सही मी करतो. आणि गोदामातला एकही सूट बाहेर जाणार नाही." मी लिहिलं. अण्णांनी सही केली. बिरूने कागद घेतला, दोनदा वाचला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून खिसा दाबून धरला. मान खाली होती. डोळे पुसत होता की काय, मी बघितलं नाही. आठवड्याभरात तो धरणावर पुन्हा कामाला लागला. सूट मात्र त्याने आमचा घेतला नाही, आणि मी आग्रहही केला नाही.

साहेब त्या दिवसानंतर कामावर आले नाहीत, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे ते राहिलेत ते तसेच. मांडवाच्या कडेला खुर्चीवर वाकून बसलेले, रेहाना झिप उघडतेय, आतलं पाणी भसकन जमिनीवर येतंय, आणि दात वाजतायत. बिरू ती सत्काराची शाल उचलतो आणि त्यांच्या खांद्यावर टाकतो. साहेब शाल घेतात, तिच्या कोपऱ्याने गळा पुसतात, तोंड पुसतात, आणि सगळ्यांकडे बघून, त्याच मऊ आवाजात म्हणतात,

"जरा घाम आलाय."